ब्राह्मीच्या हातचा रस

पाचगणीच्या शाळेतून दर रविवारी चार वाजता मुलांना घरी फोन करू देतात. पाच मिनिटं. मी साडेतीनपासूनच फोन हातात घेऊन बसायची आणि त्या अर्ध्या तासात दुसऱ्या कुणी फोन केला की त्याच्यावर खेकसायची. एकदा कोल्ड स्टोरेजच्या मॅनेजरला मी असं काही बोलले होते, की तो अजून माझ्या नवऱ्याला ‘वहिनी बऱ्या हायत न्हवं?’ असं विचारतो.

त्या रविवारी ब्राह्मी आधी कुजबुजलीच. “मम्मी, आज बटाट्याची भाजी होती. मी खाल्ली. आज्जीला सांगू नको.”

आम्ही जैन. जमिनीखाली वाढणारं कंदमूळ आमच्या स्वयंपाकघरात येत नाही. पण नऊ वर्षांच्या पोरीला दीडशे किलोमीटर लांब ठेवून तिच्या ताटातला बटाटा कुणी मोजायचा? मी विचारलं, “कशी होती?”

“लय भारी.”

मग तिनं दर रविवारी विचारायचा तो प्रश्न विचारला. “तुझ्या आजाराचं नाव कळलं?”

“अजून नाही गं.”

“बरं,” ती म्हणाली. तिच्या मागं रांगेतली मुलं ‘आटप की’ म्हणून ओरडत होती. फोन ठेवल्यावर मी तासभर तशीच बसून राहिले. लोक म्हणतात सवय होते. दोन वर्षं झाली होती, मला काही झाली नव्हती.

आजाराचं नाव कळलं की ब्राह्मी घरी येणार, असं आमच्या घरात ठरलेलं होतं. ठरवलं माझ्या नवऱ्यानं. त्याचं नाव अतिशय. नावापुरतंच. बोलणं, हसणं, रागावणं, सगळं जेमतेम. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात, ब्राह्मीच्या हाताला प्लॅस्टर घालत असताना, त्यानं मला बाहेर बाकावर बसवून एका दमात वर्षभराचं बोलून घेतलं होतं.

“मी दिवसभर द्राक्षबागेत नाहीतर बेदाण्याच्या शेडवर. पोरगी तुझ्या मागं गाडीवर बसणार, आई नसली की तुझ्यासंगं घरात एकटी ऱ्हाणार. मला भ्या वाटतंय, कस्तुरी. तुला नेमकं काय होतंय त्याचं नाव कळू दे. त्याच दिवशी तिला घेऊन येतो. तवर पाचगणीला ऱ्हाऊ दे.”

त्याचा राग यावा, तर त्याचं चुकलंही नव्हतं. हेच मला सहन होत नव्हतं.

झालं होतं ते असं. भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व असतं, दहा दिवसांचं. त्या वर्षी मी पहिले नऊ दिवस एकासनं केली, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, आणि अनंत चतुर्दशीला पाण्याच्या थेंबाशिवाय उपवास. दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं. आमच्या घरात पारणं उसाच्या रसानं करतात. आदिनाथ भगवंतांचं पहिलं पारणं उसाच्या रसानं झालं म्हणून. आणि ज्याच्या हातून पारणं होतं, त्याला उपवासाचं अर्धं पुण्य मिळतं असं माझ्या सासूबाई सांगतात. त्यांना आम्ही आत्ती म्हणतो. हे ऐकल्यावर सात वर्षांची ब्राह्मी हटूनच बसली. आईला रस मीच पाजणार. नवा परकर-पोलका घालून, दोन्ही हातांत पेला धरून तिनं मला रस पाजला. “आणखी एक. माझ्या हातचा.” मग दुसरा पेला. वर आत्तींचा तुपाळ शिरा.

ते साडेनऊला. पाऊण वाजता तिला चित्रकलेच्या क्लासला सोडायला मी स्कूटर काढली. मार्केट यार्डाच्या वळणावर हात थरथरायला लागले, कपाळावरून घाम ओघळला, समोरच्या एका ट्रॅक्टरचे दोन दिसायला लागले. पुढचं मला आठवत नाही. मला खरचटलं. ब्राह्मीचा उजवा हात मोडला.

आमचं सगळं तासगाव एका सुरात म्हणालं, “उपवासानं चक्कर आली.” आत्ती म्हणाल्या, अतिशय म्हणाला, बस्तीतल्या, म्हणजे आमच्या मंदिरातल्या, बायका म्हणाल्या, रस्त्यावरून मला उचलणारा द्राक्षाचा व्यापारीसुद्धा म्हणाला. मी एकटी म्हणत होते, नाही. कारण थरथर मला त्याआधी वर्षभर होतच होती, आणि त्या दहा दिवसांत मात्र एकदाही झाली नव्हती. दिवसातून एकदा जेवून मी हरणासारखी हिंडत होते. पण हे ऐकून कोण घेणार? डॉक्टरसुद्धा म्हणाले, “उपवास बंद करा, वेळेवर खा.” माझे उपवास बंद झाले. प्लॅस्टरवाल्या नातीची समजूत घालताना आत्ती म्हणाल्या, “रडू नको बाळ. तुझ्या हातच्या पारण्याचं पुण्य, म्हणून तर आई वाचली. न्हाईतर ट्रॅक्टरखालीच जात होती.” ब्राह्मीचं रडं थांबलं. पाचगणीला जाताना तिनं बाकी काही विचारलं नाही, फक्त “दिवाळीच्या उपवासाला पण मीच रस देऊ?” एवढंच विचारलं.

तेव्हापासून मी त्या नावाच्या मागं लागले. सांगलीत एकानं डोक्याचा फोटो काढला. एकानं हृदयाचा पट्टा लावून चोवीस तास हिंडवलं. थायरॉईड, बी बारा, लोह, सगळं तपासून झालं. रिपोर्ट नॉर्मल. मला त्या शब्दाची इतकी चीड बसली होती, की कुणी ‘सगळं नॉर्मल आहे, अभिनंदन’ म्हटलं की वाटायचं, फाईल त्याच्याच डोक्यात घालावी. अहो, नॉर्मल आहे तर माझी पोरगी कुठाय? एका डॉक्टरनं अतिशयला आत बोलावून, मला बाहेर ठेवून, ‘मनाचं असावं’ म्हणून सांगितलं. गोळ्या दिल्या. त्यांनी झोप लय यायची आणि झोपेतून उठलं की थरथर तिथंच. माझ्या जावेनं दृष्ट काढली. माझ्या भावानं, तो पुण्यात असतो, वास्तूचा माणूस पाठवला. त्यानं आमचा जिना पाडायला सांगितला. आत्तींनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं, त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

थरथर रोज नाही व्हायची. झाली की आधी पोटात खड्डा पडल्यासारखी भूक, मग गार घाम, छातीत धडधड, आणि तोंडातले शब्द सापडेनासे व्हायचे. एकदा मला ‘चमचा’ हा शब्द आठवेना. तासाभरानं ओसरायचं, पण डोकं दिवसभर जड. शिवाय सांधे दुखायचे, पायाला मुंग्या यायच्या, रात्री तीनला टक्क जाग यायची. इतकी सगळी दुखणी एका बाईला असतात का, असं लोकांच्या चेहऱ्यावर दिसायचं. मलाही कधी कधी वाटायचं, असेल बाई आपलंच खोटं.

मग एका दुपारी मोबाइलवर शोधता शोधता एक लेख सापडला. काही माणसांची साखर जेवणानंतर, त्यातून गोड खाल्ल्यानंतर, आधी भरकन वर चढते आणि तीन-चार तासांनी गरजेपेक्षा खाली कोसळते. हात कापतात, घाम येतो, शब्द सुचत नाहीत. माझीच कुंडली कुणीतरी मांडली होती. मी चहा उतू जाऊ दिला आणि तो लेख उभ्याउभ्या तीनदा वाचला. खाली नाव होतं. रिऍक्टिव्ह हायपोग्लायसेमिया. मी ते पाठ केलं. ब्राह्मी पाढे पाठ करायची तसं, मोठ्यानं.

सांगलीच्या डॉक्टरांपुढे ते म्हणून दाखवलं तर ते हसले. “उपाशीपोटी ब्याण्णव. जेवल्यावर दोन तासांनी एकशे बारा. तुमची साखर माझ्यापेक्षा चांगली आहे. मोबाइल जरा कमी बघा.”

“दोन तासांनी नाही हो होत. तीन-चार तासांनी होतं.”

“मग थरथर होईल तेव्हा घरी मोजा. सत्तरच्या खाली आली तर या.”

घरी मशीन होतंच, सासऱ्यांच्या मधुमेहासाठी घेतलेलं. माझा धंदा असा, की हंगाम असो-नसो, आमच्या शेडमध्ये बेदाणा निवडायचं काम वर्षभर चालतं. कोल्ड स्टोरेजमधून माल येतो, आम्ही सहा-सात बायका टेबलाभोवती बसून देठ, काळा दाणा, फुटका दाणा बाजूला काढतो. दुपारी जेवून टेबलाशी बसलं की चारच्या सुमाराला मला व्हायचं. मी आत्तींना हाक मारायची. त्या मशीन घेऊन धावत यायच्या, स्पिरिटचा बोळा माझ्या बोटावर फिरवायच्या, टोचायच्या.

एकशे चोवीस. एकशे सतरा. एकदा एकशे एकतीस.

“बघ बाई,” आत्ती म्हणायच्या, “साखर हाय की चांगली. मशीन काय खोटं बोलतंय व्हय?” आणि मूठभर बेदाणा माझ्या तोंडात कोंबायच्या. त्यानं पंधरा मिनिटांत बरंही वाटायचं, आणि संध्याकाळी पुन्हा थरथर. एक वही केली होती मी. तारीख, काय खाल्लं, किती वाजता झालं, मशीनचा आकडा. त्यात सत्तरच्या खालचा एक आकडा यावा म्हणून मी भगवंताला नवस बोलले होते. स्वतःची साखर उतरावी म्हणून नवस करणारी माझ्यासारखी बाई दुसरी नसेल. आकडा आला नाही. शेवटी मी वही कपाटात टाकली आणि ते नावही म्हणायचं सोडलं. रविवारी ब्राह्मीला ‘अजून नाही’ म्हणत राहिले.

गेल्या माघात आम्ही दोघं तिला भेटायला गेलो. महिन्यातून एकदा जायचं, तीन तास तिच्याबरोबर घालवायचे. ती उंच झाली होती. केस स्वतःचे स्वतः विंचरत होती, भांग जरासा वाकडा. मी तो सरळ करायला हात नेला तर म्हणाली, “राहू दे मम्मी, इथं असाच चालतो.” एवढ्याशा वाक्यानं माझा जीव कुठल्या कुठं गेला. मग साडेअकरालाच स्ट्रॉबेरी क्रीम खायचं असा तिचा हट्ट. टेबलावर तिनं तिच्या चमच्यानं मला भरवलं, मी तिच्या. मोठा पेला मी एकटीनं संपवला. सुटून निघायला दीड वाजला. ती फाटकापाशी उभी राहून हात हलवत होती. गाडी वळणावर गेली तरी हलवत असेल, असं मला उगीच वाटत राहिलं.

घाट उतरून वाईला आलो. माझ्या मांडीवर बेदाण्याची पिशवी होती. ब्राह्मीच्या मैत्रिणींना वाटायला आणलेली, द्यायचीच राहून गेली. हाताला सवय; मी न बघता तिच्यातले देठवाले दाणे निवडत बसले होते. डोळ्यांपुढं तो वाकडा भांग.

साताऱ्याच्या अलीकडं सुरू झालं. “अहो,” मी म्हणाले, “गाडी बाजूला घ्या.” त्यानं घेतली. मशीन गाडीत असायचंच. स्पिरिटचा बोळा, टोचणी.

एकशे एकवीस.

“साखर बरोबर हाय,” तो म्हणाला आणि पिशवीतली मूठ काढून माझ्यापुढं धरली. “खा.”

मी खाल्लं नाही. मला एकदम भडभडून आलं. “नको मला तुमचा बेदाणा. मला माझी पोरगी पाहिजे.” एवढं बोलले आणि पुढचे शब्द सापडेनात. बेदाणे त्याच्या हातून खाली सांडले. माझा चेहरा बघून असेल, तो घाबरला. गाडी सुसाट काढली आणि पोवई नाक्याजवळ दिसला त्या पहिल्या दवाखान्यात मला धरून नेलं.

रविवार होता. आत एकच सिस्टर होत्या, चाळिशीच्या, छातीवर नावाची पट्टी, क्रांती. त्यांनी मला खाटेवर घेतलं, नाडी बघितली. अतिशय सांगत होता, “साखर आत्ताच बघितली, एकशे एकवीस हाय.”

क्रांतीताईंनी माझा हात धरला, बोटं चोळून बघितली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “आवं, हे हात चिकट कशानं हायत?”

“बेदाणा निवडत होती.”

“आणि तसंच टोचलं?”

“स्पिरिटनं पुसलं की.”

“दादा, स्पिरिटनं जंतू मरत्यात. साखर न्हाई जात. ताई, जरा बोट चाटून बघा.”

मी बोट जिभेला लावलं. गोड होतं. आमच्या शेडमधल्या बायकांची बोटं गोडच असतात. इतकी वर्षं असतात की त्यांची चव कळायची थांबलेली असते. पोळी लाटताना, पोराचं नाक पुसताना, पूजेला फूल उचलताना तीच बोटं. त्यात काही वावगं आहे, हे कुणाच्या डोक्यात कसं येणार?

त्यांनी साबणानं माझे दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, टॉवेलनं कोरडे केले, आणि दुसऱ्या बोटाला टोचलं. मशीन त्यांनी आधी स्वतः बघितलं. मग अतिशयच्या समोर धरलं.

सत्तेचाळीस.

“तुमचं मशीन बेदाण्याची साखर मोजत होतं, दादा,” क्रांतीताई म्हणाल्या. “हिची न्हाई.” त्यांनी चटकन शिरेतलं रक्त काढून ठेवलं, डॉक्टरांना फोन लावला, आणि मला ग्लुकोजचं पाणी पाजलं. दहा-बारा मिनिटांत जग जागेवर आलं. मी हमसून रडायला लागले. क्रांतीताई म्हणाल्या, “घाबरू नका, साखर भरून येईल आता.” त्यांना काय सांगू? त्या सत्तेचाळीसच्या आकड्यावर मला कुंकू वाहावंसं वाटत होतं.

अतिशय भिंतीला टेकून उभा होता. बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत होता. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, “दोन वर्षं तू सांगत होतीस.” बस, एवढंच. पण त्याचे डोळे भरले होते, आणि ते मी लग्नात आणि ब्राह्मी झाली तेव्हा, असे दोनदाच बघितले होते.

पुढच्या आठवड्यात सांगलीला नव्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी घाई केली नाही. नेहमीसारखं जेवण घेऊन यायला सांगितलं. भात, आमटी, पोळी, वर शिरा. ते खाऊन मी पाच तास त्यांच्याच दवाखान्यात एका खुर्चीत बसले, दर अर्ध्या तासाला रक्त. पहिल्या तासाला साखर चढली, दुसऱ्याला चांगली, तिसऱ्यानंतर घसरली. साडेतीन तासांनी माझे हात थरथरायला लागले आणि आकडा आला एकावन्न.

“तुम्ही मघाशी पाठ म्हणून दाखवलंत तेच नाव,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “रिऍक्टिव्ह हायपोग्लायसेमिया. पण ते कशामुळे, हे अजून शोधावं लागेल. आणि सांधे, मुंग्या, झोप, हे सगळं यातलंच आहे असं मी आज सांगणार नाही. त्यातलं काही यातलं असेल, काही वेगळं असेल. थोडं थोडं आणि वेळेवर खायचं, डाळ-कडधान्य जास्त, रिकाम्या पोटी गोड बंद.”

सगळं नाव मिळालं नव्हतं, अर्धंच मिळालं होतं. मला तेवढं पुरे होतं. मी अतिशयकडे बघितलं. तो म्हणाला, “परीक्षा झाली की आणू. मार्चअखेर.” मी मनात आठवडे मोजले. सात.

मग डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, “पहिला मोठा झटका कधी आला होता?”

मी पारण्याचा दिवस सांगितला. किती वाजता काय खाल्लं ते सांगितलं. त्यांनी कागदावर लिहिलं. साडेनऊ, पाऊण. “रिकाम्या पोटी दोन पेले उसाचा रस आणि शिरा. सव्वातीन तासांनी गाडी. म्हणजे उपवासानं नाही झालं ते. रसानं झालं.”

“बघा!” मी खुर्चीतून उठलेच. “मी काय म्हणत होते? उपवासानं नाही, उपवासानं नाही! साऱ्या तासगावाला सांगणार आता.” दोन वर्षांचा हिशेब चुकता झाल्यासारखी मी हसत होते. अतिशय हसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, आणि मग मलाही आठवलं. नवा परकर-पोलका. दोन्ही हातांत धरलेला पेला. आणखी एक, माझ्या हातचा.

आम्ही घरी आलो. मी आत्तींना सत्तेचाळीस आणि एकावन्न सांगितलं, बेदाण्याच्या बोटांचं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि दुसऱ्या दिवशी शेडच्या दाराशी साबण ठेवला. माझ्या पर्समधली बेदाण्याची पुडी काढून फुटाण्याची घातली. रसाचं मी त्यांना सांगितलं नाही. त्या नातीजवळ बोलून गेल्या असत्या. त्या रविवारी फोनवर ब्राह्मीनं विचारलं आणि मी म्हणाले, “कळलं.” मग ती म्हणाली, “खरं सांग, मम्मी. मला आणायला म्हणून खोटं तर सांगत नाहीस ना?”

परीक्षा झाल्या त्या दिवशी आम्ही दहालाच फाटकापाशी होतो. तिची ट्रंक, बादली, गादीची वळकटी गाडीत चढली. ती माझा हात सोडत नव्हती, पण तिचे डोळे माझ्यावरच होते, पोलिसासारखे.

“परत पडलीस तर? मग मला परत इथं ठेवाल?”

“नाही पडणार. माझ्याकडं फुटाणे आहेत,” मी म्हणाले आणि पुडी दाखवली. ती हसली नाही.

शेवटचं म्हणून आम्ही स्ट्रॉबेरी खायला बसलो. मी आधी फुटाणे खाल्ले, मग पनीरचं सँडविच. तिनं तिच्यासाठी क्रीम मागवलं. चमचा पेल्यात फिरवत, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “मम्मी, नाव कळलं. पण मग त्या दिवशी आपण कशानं पडलो? म्हणजे नक्की कशानं?”

या एका उत्तरासाठी मी दोन वर्षं दवाखाने पालथे घातले होते. ते माझ्याजवळ होतं. डॉक्टरांच्या अक्षरात, फाईलमध्ये, गाडीत मागच्या सीटवर. समोर तिचा उजवा हात होता. कोपराजवळ तो अजून किंचित वाकडा दिसतो.

“उपवासानं,” मी म्हणाले.

तिनं अतिशयकडे बघितलं. पोरगी हुशार, एका साक्षीवर विश्वास ठेवणारी नव्हे. हा माणूस आयुष्यात कधी खोटं बोललेला नाही. तेवढं बोलतच नाही.

“व्हय,” तो म्हणाला. “उपवासानंच.”

याच एका वाक्यावरून मी दोन वर्षं त्याच्याशी भांडले होते. एकदा ताट भिरकावलं होतं. आता पुन्हा दशलक्षण येईल, मी उपवासाचं नाव काढीन, आणि ही चिमुरडी कमरेवर हात ठेवून ‘उपवासानं पडली होतीस’ म्हणून मला अडवेल, हेही मला तिथंच कळलं. त्या दहा दिवसांची मला किती ओढ आहे, ते माझं मला माहीत. तरी टेबलाखालून मी अतिशयचा हात घट्ट धरला. त्याची बोटं साबणानं कोरडी पडली होती.

ब्राह्मीचा चेहरा मोकळा झाला. “मला वाटलंच होतं. मी रस पाजला होता म्हणून वाचलीस, नाहीतर किती लागलं असतं.” तिनं पेल्यातली सगळ्यांत मोठी स्ट्रॉबेरी शोधून चमच्यावर घेतली, खाली दुसऱ्या हाताची ओंजळ धरली आणि चमचा माझ्यापुढं आणला.

“एकच,” ती म्हणाली. “माझ्या हातची.”

मी तोंड उघडलं.